एडिंबरोच्या ड्यूकचे आजोळ

17 एप्रिल 2021 रोजी विंडसरच्या सेंट जॉर्ज चॅपलमध्ये प्रिन्स फिलिप यांचा अंत्यविधी झाला. महाराष्ट्रात दुसऱ्या लाटेचे कडक निर्बंध लागू होऊन तेव्हा जेमतेम तीन दिवस झाले होते, आणि त्या शनिवारी घरात बसून दूरचित्रवाणीवर तो विधी पाहण्यावाचून दुसरे काही करण्यासारखे नव्हते. माझे लक्ष वेधून घेतले ते शवपेटीवर अंथरलेल्या ध्वजाने. ब्रिटनच्या राणीच्या पतीचा तो व्यक्तिगत ध्वज, पण त्याच्या चार चौकोनांत इंग्लंड कुठेच नव्हते. पहिल्या चौकोनात डेन्मार्कचे तीन निळे सिंह आणि नऊ लाल बदाम होते, दुसऱ्यात ग्रीसचा निळ्यावरचा पांढरा क्रूस, तिसऱ्यात पांढऱ्यावर दोन काळे उभे पट्टे आणि चौथ्यात एडिंबरोचा किल्ला. किल्ला लग्नात मिळालेल्या पदवीचा, सिंह आणि क्रूस वडिलांकडचे. ते दोन काळे पट्टे कोणाचे, हा प्रश्न मला पडला आणि त्याचा पाठपुरावा करण्यात निर्बंधांचे ते दिवस बरे गेले.

आमच्या घरी कुलवृत्तांताचा एक जाडजूड ग्रंथ आहे. त्यात मूळ पुरुषापासून आजपर्यंतचे सगळे पुरुष क्रमवार दिलेले आहेत. माझ्या आजीच्या वाट्याला मात्र तिचे माहेरचे आडनाव, माहेरचे गाव आणि अपत्यांची संख्या एवढी अर्धी ओळ आली आहे. युरोपातील राजवंशांच्या वंशावळीही बहुधा याच रीतीने लिहिलेल्या असतात. त्या रीतीने पाहिले तर फिलिप हे ओल्डेनबर्ग कुळाच्या श्लेस्विग-होल्स्टाइन-झोंडरबुर्ग-ग्लुक्सबुर्ग नावाच्या, एका दमात न उच्चारता येणाऱ्या शाखेतील पुरुष ठरतात आणि तिथेच विषय संपतो. पण त्यांचे आयुष्य समजून घ्यायचे असेल तर वाट आजोळाकडून जाते, आणि ते काळे पट्टे आजोळाचे आहेत.

वडिलांकडची बाजू प्रथम सांगून टाकतो. 1862 मध्ये ग्रीकांनी आपला बव्हेरियन राजा ओथो याला पदच्युत केले आणि नव्या राजाचा शोध सुरू झाला. जनतेचा कौल घेतला गेला तेव्हा प्रचंड बहुमत पडले ते व्हिक्टोरिया राणीचा दुसरा मुलगा आल्फ्रेड याच्या बाजूने. परंतु ब्रिटन, फ्रान्स आणि रशिया यांच्या राजघराण्यांतील कोणीही ग्रीसच्या गादीवर बसू नये, असे त्या तिन्ही सत्तांनी आधीच आपसांत ठरवलेले होते. शेवटी 1863 मध्ये ग्रीसच्या राष्ट्रीय सभेने डेन्मार्कच्या सतरा वर्षांच्या विल्हेल्म या राजपुत्राची निवड केली आणि तो पहिला जॉर्ज या नावाने ‘हेलेन्सचा’ म्हणजे ग्रीकांचा राजा झाला. गंमत अशी की त्याचे वडील नववे ख्रिश्चन त्यानंतर काही महिन्यांनी डेन्मार्कचे राजे झाले, म्हणजे मुलगा बापाच्या आधी गादीवर बसला. (त्या आल्फ्रेडला पुढे ड्यूक ऑफ एडिंबरो ही पदवी मिळाली. ग्रीसची गादी ज्याला नाकारली गेली त्याची पदवी, आणि ती ज्याला मिळाली त्याचा नातू, हे दोघे पुढे 1947 मध्ये एकत्र आले.)

या जॉर्जने रशियन राजकन्या ओल्गा हिच्याशी लग्न केले, जवळजवळ पन्नास वर्षे राज्य केले आणि 1913 मध्ये थेसालोनिकी शहरात पायी फिरायला निघालेला असताना त्याचा खून झाला. त्याच्या धाकट्या मुलांपैकी एक अँड्र्यू, म्हणजे फिलिप यांचे वडील. जन्माने, भाषेने आणि मनाने तो ग्रीक होता, ग्रीक सैन्यात अधिकारी होता; मात्र त्याच्या अंगात ग्रीक रक्ताचा थेंबही नव्हता असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

नववे ख्रिश्चन यांना ‘युरोपचे सासरे’ म्हणत. त्यांची एक मुलगी अलेक्झांड्रा ब्रिटनचे सातवे एडवर्ड यांची राणी झाली आणि दुसरी डॅगमार रशियाच्या झारची. या अलेक्झांड्रेमुळे नात्यांचा एक मजेदार हिशेब तयार होतो, जो इंग्रजीतील एकसुरी ‘कझिन’ शब्दात हरवतो आणि मराठीत नीट उलगडतो. फिलिप यांचे वडील आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ राणी यांचे आजोबा पाचवे जॉर्ज हे सख्खे मामे-आतेभाऊ. म्हणजे या नात्याने फिलिप एलिझाबेथच्या एक पिढी वरचे, लांबचे काकाच. दुसरीकडे फिलिप यांची आईकडची आजी आणि हेच पाचवे जॉर्ज हीसुद्धा सख्खी मामे-आते भावंडे, कारण दोघेही व्हिक्टोरिया राणीची नातवंडे. या दुसऱ्या नात्याने वर आणि वधू एकाच पिढीतील, व्हिक्टोरियाची खापरपतवंडे. आपल्याकडे सोयरीक जुळवताना म्हाताऱ्या बायका बोटांवर जो हिशेब करतात, तो इथे दोन्ही हातांची बोटे वापरूनही पुरला नसता.

आता ते काळे पट्टे. जर्मनीतील हेसे संस्थानाचा राजपुत्र अलेक्झांडर याची बहीण मारी रशियाच्या युवराजाला दिली होती, आणि तिच्यामुळे अलेक्झांडरही रशियाच्या दरबारी चाकरीला होता. तिथे मारीच्या परिवारातील युलिया हाउके या मानकरी युवतीवर त्याचे मन बसले. तिचे वडील मोरित्झ हाउके हे पोलंडमधील सेनाधिकारी, 1830 च्या वॉर्सा उठावात मारले गेलेले. घराणे प्रतिष्ठित, परंतु राजकुळ नव्हे. झारच्या नाराजीची पर्वा न करता दोघांनी 1851 मध्ये लग्न केले. राजपुत्राचे लग्न कमी दर्जाच्या स्त्रीशी झाले तर पत्नीला आणि मुलांना पतीचा किताब व वारसाहक्क मिळू नये, अशी तिकडची रीत होती. मग या बाईला हाक तरी कोणत्या नावाने मारायची, म्हणून हेसेच्या ग्रँड ड्यूकने तिला आपल्या मुलखातील एका लहानशा गावाचे नाव देऊन ‘बाटेनबर्गची काउंटेस’ केले, आणि 1858 मध्ये तीच राजकुमारी बाटेनबर्ग झाली. म्हणजे हे कुलनाम मुळात एका स्त्रीला दिलेले होते, आणि ते पतीचे नाव लावण्यास ती पात्र नाही म्हणून दिलेले होते. मुलांनी ते आईकडून घेतले.

या मुलांपैकी लुई हा चौदाव्या वर्षी ब्रिटिश नौदलात शिरला आणि चढत चढत 1912 मध्ये फर्स्ट सी लॉर्ड, म्हणजे नौदलाचा सर्वोच्च अधिकारी झाला. त्याने व्हिक्टोरिया राणीची नात, हेसेचीच राजकन्या व्हिक्टोरिया, हिच्याशी लग्न केले होते. पण 1914 मध्ये महायुद्ध पेटले आणि जर्मन नावाचा माणूस ब्रिटिश नौदलाच्या प्रमुखपदी कसा, अशी ओरड वर्तमानपत्रांतून सुरू झाली. शेहेचाळीस वर्षे ज्या नौदलात काढली त्या नौदलातून त्याला ऑक्टोबर 1914 मध्ये राजीनामा द्यावा लागला. पुढे 1917 मध्ये राजा पाचवे जॉर्ज यांनी स्वतःच्या घराण्याचे जर्मन नाव टाकून ‘विंडसर’ हे नाव घेतले, त्याच वेळी बाटेनबर्गचेही भाषांतर झाले. ‘बर्ग’ म्हणजे डोंगर, त्याचा इंग्रजी ‘माउंट’ झाला, तो पुढे आणून बसवला आणि ‘माउंटबॅटन’ हे आडनाव तयार झाले. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात शेवटचे व्हाइसरॉय म्हणून भेटणारे लॉर्ड माउंटबॅटन हे याच लुईचे धाकटे चिरंजीव. आणि लुईची थोरली मुलगी ॲलिस, ती फिलिप यांची आई.

ॲलिसचा जन्म 1885 मध्ये विंडसरच्या राजवाड्यात झाला. ती जन्मतः बहिरी होती आणि ओठांच्या हालचालींवरून एकाहून अधिक भाषा समजून घ्यायला शिकली. 1903 मध्ये अँड्र्यूशी लग्न करून ती ग्रीसला गेली आणि बाल्कन युद्धांत तिने इस्पितळांत स्वतः शुश्रूषेचे काम केले. चार मुलींनंतर, 10 जून 1921 रोजी, कॉर्फू बेटावरील ‘मों रेपो’ या घरात तिला मुलगा झाला. हे घर एके काळी ब्रिटिश उच्चायुक्तासाठी बांधलेले होते आणि जॉर्ज राजाला बेटासकट मिळाले होते. ग्रीसमध्ये तेव्हा जुने ज्युलियन पंचांग चालू असल्यामुळे तिथल्या नोंदीत जन्मतारीख 28 मे अशी आहे.

बाळाचे वडील त्या वेळी तुर्कस्तानच्या आघाडीवर होते. पुढच्या वर्षी त्या युद्धात ग्रीसचा दारुण पराभव झाला, सैन्याने सत्ता हाती घेतली आणि पराभवाचे खापर फोडण्यासाठी सहा मंत्री व सेनानींना नोव्हेंबर 1922 मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. अँड्र्यूवरही खटला चालला. हुकूम पाळला नाही असा ठपका ठेवून त्याला कायमचे हद्दपार केले गेले. ‘कॅलिप्सो’ या ब्रिटिश युद्धनौकेने कुटुंबाला उचलले तेव्हा दीड वर्षाच्या फिलिपसाठी संत्र्याच्या खोक्याचा पाळणा केला होता, हा तपशील त्यांच्या प्रत्येक चरित्रात येतो आणि तो यायलाच हवा. राजपुत्र म्हणून जन्मलेल्या या मुलाला त्यानंतर लग्न होईपर्यंत स्वतःचे म्हणावे असे घर जवळजवळ मिळालेच नाही.

पॅरिसजवळ सें-क्लू येथे चुलतीने, म्हणजे अँड्र्यूच्या भावाची पत्नी मारी बोनापार्त हिने, त्यांना राहायला जागा दिली. मारी ही नेपोलियनच्या भावाच्या वंशातील आणि मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांची शिष्या. दरम्यान ॲलिसची मनःस्थिती ढासळत गेली; तिला आवाज ऐकू येऊ लागले, आपल्याला ईश्वरी संदेश मिळतात असे ती सांगू लागली. 1930 मध्ये तिला स्किझोफ्रेनिया असल्याचे निदान झाले. फ्रॉइड यांचाही सल्ला घेतला गेला आणि त्यांनी दिलेला क्ष-किरण उपचाराचा सल्ला आज वाचताना अंगावर काटा येतो. मुले सहलीला गेलेली असताना तिला मोटारीतून स्वित्झर्लंडमधील क्रॉइत्सलिंगेनच्या मनोरुग्णालयात नेले. फिलिप तेव्हा आठ वर्षांचा होता. त्या एका वर्षात आणि त्यापुढच्या वर्षात चारही बहिणींची लग्ने होऊन त्या जर्मनीत गेल्या, वडील फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर राहू लागले आणि संसार मोडला. घटस्फोट झाला नाही, कोणी काही जाहीर केले नाही. घर नाहीसे झाले एवढेच.

पुढे या मुलाला वाढवले ते आजीने आणि मामांनी. व्हिक्टोरिया आजी केन्सिंग्टन राजवाड्यात राहत असे. थोरले मामा जॉर्ज यांनी त्याचे पालकत्व घेतले आणि 1938 मध्ये ते कर्करोगाने गेल्यावर धाकटे मामा लुई पुढे आले. आपल्याकडे लग्नात मुहूर्ताच्या वेळी मामा पाठीशी उभा राहतो. फिलिप यांच्या पाठीशी तो सतत उभा होता, आणि जुलै 1939 मध्ये डार्टमथच्या नौदल महाविद्यालयात तेरा वर्षांच्या राजकन्या एलिझाबेथसमोर आपल्या अठरा वर्षांच्या भाच्याला उभे करण्याची तजवीजही त्यानेच केली, असे मानण्यास पुष्कळ जागा आहे.

बहिणींची हकीकत याहून कठीण आहे. मार्गारिटा होहेनलोहे-लांगेनबुर्ग घराण्यात, थिओडोरा बाडेनमध्ये, सेसिली हेसेमध्ये आणि सोफी हेसेच्याच दुसऱ्या शाखेत दिलेली. 16 नोव्हेंबर 1937 रोजी सेसिली, तिचा पती, दोन लहान मुलगे आणि सासू दिराच्या लग्नासाठी लंडनला निघाले असता बेल्जियममध्ये ऑस्टेंडजवळ त्यांचे विमान धुक्यात चिमणीला धडकले आणि सगळे गेले. सोळा वर्षांचा फिलिप डार्मश्टाटला अंत्ययात्रेत चालला, त्याचे छायाचित्र उपलब्ध आहे: भोवती नाझी गणवेश, रस्त्याच्या कडेला उंचावलेले हात. सेसिली आणि तिचा पती त्याच वर्षी नाझी पक्षाचे सदस्य झाले होते. सोफीचा पती क्रिस्टोफ एसएस या नाझींच्या निमलष्करी दलात अधिकारी होता आणि 1943 मध्ये इटलीत विमान कोसळून मेला. त्याच काळात त्यांचा मेहुणा भूमध्य समुद्रात ब्रिटिश युद्धनौकेवर होता. मार्च 1941 मधील केप मातापानच्या लढाईत शत्रूच्या नौकांवर रात्री प्रकाशझोत टाकण्याचे काम फिलिप यांनी केले होते.

म्हणूनच 20 नोव्हेंबर 1947 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत लग्न झाले तेव्हा हयात असलेल्या तिन्ही बहिणींना आमंत्रण नव्हते. युद्ध संपून दोन वर्षे झालेली. जर्मन मेहुणे आणि सोयरे पहिल्या रांगेत बसलेले लंडनच्या जनतेला चालले नसते. वराकडून आई आली. तिच्या एका मुकुटातील हिरे काढूनच साखरपुड्याची अंगठी घडवलेली होती. लुईमामा दिल्लीहून आले, ते तेव्हा स्वतंत्र भारताचे गव्हर्नर-जनरल होते, आणि गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताचे वस्त्र लग्नाची भेट म्हणून इंग्लंडला पोहोचले तेही त्यांच्यामार्फत. वधूच्या आजी राणी मेरी यांना ते पंचासारखे वाटून त्या नाराज झाल्या, ही गोष्ट प्रसिद्धच आहे.

लग्नाआधी फिलिप यांनी सोडलेल्या गोष्टींची यादी आपल्याकडच्या नववधूने वाचावी अशी आहे. ग्रीस आणि डेन्मार्कचे राजपुत्रपद गेले, ग्रीक ऑर्थोडॉक्स पंथ जाऊन चर्च ऑफ इंग्लंड आले, राष्ट्रीयत्व बदलले. आडनाव बदलण्याचा प्रश्न नव्हता, कारण आडनाव मुळी नव्हतेच. ते शोधावे लागले. ओल्डेनबर्गचे इंग्रजी रूप ‘ओल्डकॅसल’ करावे, अशी एक सूचना आली होती. शेवटी आजोळचे माउंटबॅटन पसंत पडले. विनोद असा की सुमारे दहा वर्षांनी हॅनोव्हरच्या एका राजपुत्राच्या दाव्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने निर्णय दिला की हॅनोव्हर संस्थानाच्या इलेक्ट्रेस सोफियाचे सारे वंशज 1705 च्या कायद्याने जन्मतःच ब्रिटिश प्रजाजन आहेत. फिलिप हे त्या सोफियाचे वंशज होते. ज्या नागरिकत्वासाठी एवढी कागदपत्रे केली, ते त्यांच्याकडे कॉर्फूच्या त्या घरात जन्मल्यापासूनच होते.

एलिझाबेथ 1952 मध्ये राणी झाल्या आणि एप्रिलमध्ये जाहीर झाले की त्यांची मुले विंडसर हेच नाव लावतील. चर्चिल आणि आजी राणी मेरी यांचा तसा आग्रह होता; लुईमामांनी ‘आता माउंटबॅटन घराण्याचे राज्य आले’ अशा अर्थाचे उद्गार काढल्याची बातमी दोघांच्या कानावर गेली होती. आपल्या मुलांना स्वतःचे नाव देऊ न शकणारे या देशात आपण एकटेच पुरुष, ही फिलिप यांची त्यावरची तक्रार पुष्कळ ठिकाणी उद्धृत झाली आहे आणि तिच्याविषयी सहानुभूतीही व्यक्त होते. मला ती वाचताना हसू येते. जे नाव ते बापाचा हक्क म्हणून मुलांना देऊ पाहत होते, ते त्यांच्या बापाचे नव्हतेच. ते आईचे होते, आणि आईच्या घराण्यातही ते युलिया हाउके या पणजीकडून आलेले. तीन पिढ्यांत दोनदा बाईच्या बाजूने उतरलेले नाव आता पुरुषपरंपरेची प्रतिष्ठा मागत होते. 1960 मध्ये तडजोड झाली आणि राजपुत्र व राजकन्येचा किताब नसलेल्या वंशजांसाठी ‘माउंटबॅटन-विंडसर’ हे जोडनाव मंजूर झाले. आपल्याकडे माहेरचे आणि सासरचे आडनाव जोडून लिहिणाऱ्या स्त्रियांना जे प्रश्न विचारले जातात, ते तिथे कोणी विचारले नसावेत.

आईकडच्या धाग्याचा आणखी एक पुरावा फिलिप यांच्या रक्तातच होता. येकातेरिनबुर्गजवळ 1991 मध्ये उकरून काढलेली हाडे रशियाच्या शेवटच्या झारच्या कुटुंबाची आहेत की नाहीत, हे ठरवायचे होते. झारीना अलेक्झांड्रा ही फिलिप यांच्या आजीची सख्खी धाकटी बहीण. मायटोकॉन्ड्रियातील डीएनए केवळ आईकडून मुलांना मिळतो. व्हिक्टोरिया राणीची मुलगी ॲलिस, तिची मुलगी व्हिक्टोरिया, तिची मुलगी ॲलिस आणि तिचा मुलगा फिलिप अशी अखंड साखळी होती. त्यांनी रक्ताचा नमुना दिला आणि 1993 मध्ये तो झारीनेच्या आणि तिच्या तीन मुलींच्या हाडांशी जुळला. कुलवृत्तांतात अर्ध्या ओळीवर भागवल्या जाणाऱ्या बायकांनी जपलेला हा वारसा. फिलिप यांच्यापाशी तो थांबतो, कारण पुरुषाकडून तो पुढे जात नाही.

साथीच्या नियमांमुळे 2021 च्या त्या अंत्यविधीला केवळ तीस माणसांना परवानगी होती. मुले, नातवंडे, त्यांचे जोडीदार आणि राणीची काही चुलत भावंडे यांतच ती संख्या भरत आली होती, तरीही तीन जागा जर्मनीहून आलेल्यांसाठी राखल्या होत्या: बाडेनचे बर्नहार्ड, होहेनलोहे-लांगेनबुर्गचे फिलिप आणि हेसेचे डोनाटुस. पहिले थिओडोराचे नातू, दुसरे मार्गारिटाचे, आणि तिसरे सेसिली व सोफी ज्या घराण्यात दिल्या होत्या त्या घराण्याचे प्रमुख. बहिणींना स्वतःला चौऱ्याहत्तर वर्षांपूर्वी भावाच्या लग्नाचे निमंत्रण गेले नव्हते.

त्यांच्या आईची कबर मात्र तिथे विंडसरमध्ये नाही. इस्पितळातून बाहेर पडल्यावर ॲलिस अथेन्सला परतली. जर्मन अंमलाच्या काळात, जावई जर्मनीकडून आणि मुलगा ब्रिटनकडून लढत असताना, तिने अन्नछत्रांत काम केले आणि रॅशेल कोहेन या ज्यू विधवेला मुलांसह आपल्या घरात लपवून ठेवले. गेस्टापोचे, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांचे, अधिकारी चौकशीला आले की ती आपले बहिरेपण पुढे करी आणि प्रश्नच समजत नसल्याचे दाखवी. 1949 मध्ये तिने सेविकांचा एक संघ स्थापन केला, आणि त्यानंतर ती बहुधा करड्या रंगाच्या जोगिणीच्या वेषातच वावरली. सुनेच्या राज्याभिषेकालाही ती त्याच वेषात गेली होती. ग्रीसमध्ये लष्करी सत्ता आल्यावर 1967 मध्ये ती लंडनला आली आणि दोन वर्षांनी बकिंगहॅम राजवाड्यात वारली. तेव्हा तिला विंडसरला ठेवले. पण तिची इच्छा होती जेरुसलेममधील ऑलिव्ह पर्वतावर, आपल्या मावशीजवळ, विसावण्याची. ही मावशी म्हणजे झारीनेची बहीण एलिझाबेथ, क्रांतीत मारली गेलेली जोगीण. 1988 मध्ये ती इच्छा पूर्ण झाली, आणि 1994 मध्ये फिलिप जेरुसलेमला गेले ते कोहेन कुटुंबाला वाचवल्याबद्दल याद वाशेम या इस्रायलच्या ज्यू-संहार स्मारक संस्थेने आईला दिलेला सन्मान स्वीकारण्यासाठी.

एवढ्या दूर पुरले तर तुझ्या कबरीवर यायचे तरी कसे, अशी तक्रार एका मुलीने केली होती, असे सांगतात. त्यावर ॲलिस म्हणाली, त्यात काय, बसची सोय चांगली आहे.